आगकाड्यांच्या संपावरची श्रुतिका: पहिल्या भागाबद्दल थोडंसं

तुझा पहिला भाग ऐकला. आजच्या काळातली नायिका मागच्या काळात, लंडनच्या बो भागात, ब्रायंट अँड मेच्या आगकाड्यांच्या कारखान्यात जाऊन पडते, इथवर झकास. पण पडल्या पडल्या ती 'अरे, हे तर १८८८!' असं ओरडते, ते आधी काढ. श्रुतिकेत काळ कानाला कळला पाहिजे. दगडी रस्त्यावर टापा, मग मुकादमाचा आवाज: पाय मळके, तीन पेन्स दंड! आठवड्याला चार शिलिंग मिळवणाऱ्या पोरीचा नुसता सुस्कारा पुरे.

अ‍ॅनी बेझंटला पुढारी करू नकोस. कारखान्यातल्या हालांवरचा जूनमधला लेख तिचाच, पण जुलैत सुमारे १४०० जणी बाहेर पडल्या त्या आपणहून. (याच बाई पुढे आपल्याकडच्या होमरूलवाल्या, त्यामुळे मोह होतो, कबूल.)

जेवणाचा प्रसंग मात्र लांबव. कामाच्याच जागी पाव खायचा, घासाबरोबर काड्यांच्या गुलातला विषारी पांढरा फॉस्फरस तोंडात, आणि पुढे जबड्याचं हाड सडायचं. संप मिटताना दंड गेले, जेवायला वेगळी खोली कबूल झाली. नायिकेला हे सगळं आधीच ठाऊक आहे. शेजारची मुलगी घास घेते तेव्हा नायिकेला बोलायला लावू नकोस. चावण्याचा आवाज तेवढा माइकजवळ घे.