घटस्फोटानंतर कोणते नाव लावावे?

तासगाव तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या एका भगिनीने लिहिले आहे की, परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा हुकूमनामा त्यांना सांगलीच्या न्यायालयातून मिळाला असून, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव पुन्हा लावण्याची त्यांची इच्छा आहे. मात्र तिसरीतल्या नातीसाठी सासरचेच नाव राहू द्यावे, असे आई म्हणते. तर आडनाव परत घेतले की बहीण शेतात वाटा मागेल, अशी भावाला धास्ती आहे.

प्रिय ताई,

कोणते नाव लावायचे हे तुम्हीच ठरवायचे आहे. लग्नानंतर पतीचे नाव लावलेच पाहिजे, अशी सक्ती कायद्यात नाही आणि घटस्फोटानंतर ते टाकण्याचीही नाही. तरीही हुकूमनाम्यासोबतच्या संमतीच्या अटी आधी नीट वाचा, कारण पत्नीने यापुढे पतीचे नाव लावू नये, अशी अट त्यांत अनेकदा घातलेली असते. तशी अट असेल, तर आईला ती दाखवली की पुरे.

भावाच्या धास्तीबद्दल मला अधिक सांगायचे आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तुम्ही सासरचे आडनाव लावत होता, तेव्हाही हा हक्क होताच. तो आडनावामुळे येत नाही आणि जातही नाही. वाटा मागायचा की नाही, याचा विचार पुढे सवडीने करा, परंतु घरात शांतता राहावी म्हणून या दिवसांत हक्कसोडपत्रावर सही मुळीच करू नका. आडनाव परत मिळवण्याची ती किंमत नव्हे.

मुलीच्या नावाला तुमच्या नावबदलाने धक्का लागत नाही. तिच्या दाखल्यावर आईचे जुने नाव असल्याने कोणी विचारणा केली, तर तुमचा नावबदल ज्यात जाहीर होतो त्या शासकीय राजपत्राची (गॅझेटची) प्रत दाखवावी. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र हा बदल शाळेत कुणाकडून कळण्याआधी तुम्ही स्वतः सांगा.

हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडून महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. तुमची दहावीची आणि पदवीची प्रमाणपत्रे माहेरच्या नावाची असतील, तर नव्या नावाचे स्पेलिंग अक्षरशः त्यांच्याप्रमाणेच द्या. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून राजपत्र हाती आल्यावरच ते बदला आणि त्यानंतर पॅन व बँकखात्याकडे वळा, म्हणजे नावे न जुळल्यामुळे होणारे हेलपाटे वाचतील. सेवापुस्तकातील नोंदीसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून पोच घ्या. ही नोंद राहून गेली, तर निवृत्तिवेतनाच्या वेळी अडचण येते.

त्याच फेरीत भविष्य निर्वाह निधी, विमा आणि बँकेतील नामनिर्देशन (नॉमिनी म्हणून कोणाचे नाव आहे ते) तपासा. तेथे पूर्वीच्या पतीचे नाव तसेच राहिलेले असते आणि तुमचे नाव बदलल्याने ते आपोआप निघत नाही. मुलीचे नाव लावाल तेव्हा, ती अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालील) असल्याने, रक्कम कोणी स्वीकारावी हेही तेथे नमूद करावे लागेल. ते नाव विचारपूर्वक द्या.