एकाच शनिवारी सिनेमाही आणि कॉन्सर्टही

मे महिन्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, परीक्षा संपल्यापासून नुसती मजा चाललीये. आज सिनेमा, उद्या कॉन्सर्ट. याला नाद लागलाय का?" आई 'नाद' म्हणते, वडील 'व्यसन' म्हणतात. आणि दोघांच्याही मनात एक प्रश्न असतो, जो पहिल्या भेटीत सहसा तोंडावर येत नाही: तिकडे गर्दीत हा काही 'घेत' तर नसेल ना?

ही गोष्ट डोंबिवलीच्या एका घराची, 2025 च्या उन्हाळ्यातली. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा बारावी सायन्सचा, मार्चमध्ये अठरा पूर्ण झालेली. एप्रिलच्या उत्तरार्धात इंजिनीअरिंग प्रवेशाची सीईटी झाली, 5 मेला बोर्डाचा निकाल लागला. तो बरा होता. पण इंजिनीअरिंगला खरं वजन सीईटीचं, आणि तो निकाल यायला जूनचा मध्य उजाडणार होता. या मधल्या दिवसांत चिरंजीव मित्रांबरोबर एकामागून एक सिनेमे बघत सुटले होते. घरात कुरबुर होतीच, पण भडका उडाला तो 17 मेच्या शनिवारवरून. त्या संध्याकाळी महालक्ष्मी रेसकोर्सवर 'गन्स एन' रोझेस' या अमेरिकन रॉक बँडचा शो होता. आणि त्याच दिवशी 'मिशन: इम्पॉसिबल' मालिकेतला नवा सिनेमा भारतात लागत होता, अमेरिकेच्याही सहा दिवस आधी. याने सकाळी सिनेमा आणि संध्याकाळी कॉन्सर्ट असा बेत आखला होता. त्यात आईला कळलं की कॉन्सर्टच्या तिकिटाचे पैसे मामाने गुगल पे केलेत, आणि घरी सांगितलेली किंमत खऱ्या किमतीच्या निम्मीसुद्धा नाही.

तिघंही आले. वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागात, सुपरवायझर. त्यांनी सुरुवातच केली, "एका दिवसात दोन-दोन! आम्ही आयुष्यात इतकी मजा केली नाही." (अशा कथांमध्ये पुढे वडिलांचंही तरुणपणीचं रॉकप्रेम बाहेर येतं. इथे तसं काही निघालं नाही. त्यांना ते संगीत तेव्हाही डोकेदुखी वाटायचं, आजही वाटतं. खरं सांगायचं तर मलाही.)

मुलाशी एकट्याने बोलले. पहिला अर्धा तास 'हो', 'नाही', 'माहीत नाही'. मग मी विचारलं, हाच बँड का? आणि गाडी सुरू झाली. हा बँड याआधी भारतात 2012 च्या डिसेंबरमध्ये आला होता. "तेव्हा मी पाच वर्षांचा होतो मॅडम, आणि तेव्हा त्यांच्यात स्लॅशच नव्हता! स्लॅश आणि डफ 2016 ला परत आले." स्लॅश त्यांचा गिटारवादक, डफ बेस वाजवणारा. म्हणजे स्लॅशची गिटार या बँडबरोबर भारतात ऐकायची पहिलीच संधी. दहावीनंतर याने स्वतः गिटार घेतली होती, बारावीच्या क्लासमुळे ती कपाटावर गेली होती, आणि पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी खाली आली होती. एका सुरावटीवर बोटं कुठे अडकतात ते तो मला टेबलावर बोटं आपटून दाखवत होता.

मग सिनेमांचं विचारलं. तिथे उत्साह एकदम निम्म्यावर. कुठला आवडला? "ठीक होते." मग इतके का बघितले? "सगळे जातात." ग्रुपवर तिकीट काढल्याचा फोटो पडतो आणि नाही म्हणायची सोयच राहत नाही. मी त्याला एक प्रश्न दिला: खिशातले स्वतःचे पैसे आहेत, मित्र कोणीच येणार नाहीत, तरी तू कशाला जाशील? कॉन्सर्टला 'हो' लगेच आलं. 'मिशन'ला जरा थांबून 'हो'. बाकी सिनेमांना तो हसला.

पालकांना मी नेहमी सांगते की मजेचे प्रसंग मोजू नका. एखादं मूल महिन्यात सहा सिनेमे बघतं आणि छान असतं. दुसरं एकच बघतं तेही मित्रांनी वगळू नये म्हणून, आणि घरी येऊन चिडचिड करतं. व्यसन म्हणताना आम्ही वेगळ्या गोष्टी शोधतो. थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही का? नुकसान दिसत असूनही चालूच राहतं का? बाकी सगळ्यातला रस आटलाय का? या मुलाचं तसं काही नव्हतं. तो जेवत होता, आजीला दवाखान्यात नेत होता, गिटार वाजवत होता. दोन वर्षं क्लास, टेस्ट सिरीज, पुन्हा क्लास अशा चरकातून निघालेल्या मुलाने महिनाभर भटकावं यात मला तरी काही बिघडलेलं दिसलं नाही.

बिघडलं होतं ते खोट्या किमतीत. ते मी सोडलं नाही. त्याचं उत्तर अपेक्षित होतं, "खरं सांगितलं असतं तर नाही म्हणाले असते." पण पुढचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. "घरी ताटावर बसलं की पर्सेंटाइल. किती वाटतात, कुठलं कॉलेज मिळेल, अमक्याच्या मुलाला किती येतील. थिएटरात तीन तास कोणी विचारत नाही."

हे आईवडिलांना सांगायला मी त्याची परवानगी घेतली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, वडील मात्र म्हणाले, "विचारायचं पण नाही का?" प्रश्न रास्त होता. पण पेपर देऊन झालेला, उत्तरं बदलता येत नाहीत, आणि वेगवेगळ्या सत्रांच्या पेपरांचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सोप्या-अवघड पेपरांचे गुण एका पातळीवर आणणं, झाल्याशिवाय पर्सेंटाइल कोणालाच सांगता येत नाही. रोज विचारून घरात फक्त काळजी वाढत होती. ती काळजी आईवडिलांचीच होती. निकालावर काढता येत नव्हती म्हणून सिनेमावर निघत होती. मी हे तोंडावर सांगितलं. वडिलांना आवडलं नाही, पण त्यांनी ऐकून घेतलं.

मग देवाणघेवाण ठरली. निकालाच्या दिवसापर्यंत जेवताना पर्सेंटाइलचा विषय बंद. मामाचे पैसे मुलगा फेडणार, खालच्या मजल्यावरच्या आठवीतल्या मुलाला सुट्टीत गणित शिकवून. सुट्टीचा मजेचा खर्च एक रक्कम ठरवून एकदाच द्यायचा. त्यातून काय बघायचं ते त्याचं तो ठरवणार. ही शेवटची गोष्ट मी बऱ्याच घरांना सुचवते, कारण पैसे मोजके झाले की 'सगळे जातात' हे कारण आपोआप गळतं. शनिवारचा सिनेमा त्याने स्वतःच पुढे ढकलला. त्याचं म्हणणं, सिनेमा महिनाभर तरी कुठे ना कुठे चालू राहतो, बँड परत येईल की नाही कोणास ठाऊक.

मग निघाला कानांचा विषय, आणि तिथे वडील एकदम पुढे सरसावले. मी सांगत होते की कामाच्या जागी 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं धरतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये मनोरंजनाच्या ठिकाणांसाठी जी मर्यादा सुचवली तीही पंधरा मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबल. रॉक कॉन्सर्टला स्पीकरच्या तोंडाशी आवाज याहून वर जाऊ शकतो, आणि असे शो तास-दोन तास सहज चालतात. वडील म्हणाले, "आमच्याकडे दरवर्षी कानाची तपासणी होते. इअर प्लग नसेल तर शॉपमध्ये सोडत नाही मी कोणाला." मुलाने बापाकडे असं पाहिलं की हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. इतका वेळ 'जायचंच कशाला' म्हणणारे वडील पुढची दहा मिनिटं फोमचा प्लग बोटांनी पिळून बारीक कसा करायचा, कान वर ओढून आत कसा घालायचा आणि फुगेपर्यंत कसा धरून ठेवायचा ते दाखवत होते. मी मध्ये बोलले नाही.

बाकी गोष्टी झटपट ठरल्या. मे महिन्याचा मुंबईचा घाम, म्हणून आधी पोटभर जेवण आणि पाणी. फोनचं लोकेशन चालू. परतताना महालक्ष्मीहून दादर, तिथून मध्य रेल्वे, आणि लोकल चुकलीच तर रिक्षा-टॅक्सीच्या भानगडीत न पडता दादरला मावशीकडे. 'घेण्या'बद्दल मी तिघांसमोर सरळ विचारलं. मुलगा म्हणाला, ग्रुपमधले दोघं बिअर पितात, तो पीत नाही. वडिलांना ते दोघं कोण हे लगेच हवं होतं. मी नावं विचारू दिली नाहीत. उद्या काही चुकलं तर याने घरी फोन करावा असं वाटत असेल, तर आज मिळालेल्या खऱ्या उत्तराची उलटतपासणी करून चालत नाही.

शो छान झाला म्हणे. पण सोमवारी आईचा फोन आला, आवाज घाबरलेला. "कालपासून नुसता लोळतोय. बोलत नाही, नीट जेवत नाही. नक्की काहीतरी दिलंय कोणीतरी." हा फोनही मला नवा नाही. महिनोन् महिने ज्याची वाट पाहिली ती गोष्ट एका संध्याकाळी संपते. रात्रीची झोप गेलेली, अंगातलं पाणी कमी झालेलं, पाय दुखताहेत, उभं राहून आणि ओरडून जीव थकलेला. आणि समोर पुन्हा तीच खोली, तोच निकाल. दोन-तीन दिवस मन खाली जातं आणि बहुतेकांचं आपोआप वर येतं. लग्नघर रिकामं झाल्यावर वधूच्या आईचं होतं तसं. मुलाशी फोनवर बोलले तेव्हा कळलं की त्याने प्लग निम्म्या शोनंतर काढले होते आणि रविवारभर कान गुंई वाजत होते. सोमवारी थांबले. थांबले नसते तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवलं असतं, आणि ऐकू कमी येत असतं तर त्याच दिवशी. बुधवारी तो 'मिशन' बघून आला. या वेळी आईला घेऊन गेला होता, ठरलेल्या रकमेतून.

आता जिथे मी वेगळा सल्ला दिला असता ते. मन खाली गेलेलं दोन आठवडे उलटले तरी वर येत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, गिटारसारखी आवडती गोष्टही नकोशी झाली असेल, तर ती कॉन्सर्टनंतरची मरगळ समजू नये. घरातले पैसे गायब होणं, वारंवार खोटं, मित्र अचानक बदलणं, रात्र बाहेर कुठे गेली याचा पत्ता नसणं, यातलं बरंच काही एकत्र दिसलं तरीही थांबू नये. आणि जगण्यात अर्थ नाही असं मूल एकदा जरी बोललं, तर निकालाची वाट बघू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

जूनमध्ये सीईटीचा निकाल आला. पर्सेंटाइल घरच्यांनी मनात धरलं होतं त्याहून कमी. प्रवेशाचे पर्याय बोलायला तिघं परत आले तेव्हा वडिलांच्या तोंडून निघूनच गेलं, "ते सिनेमे आणि ती कॉन्सर्ट नसती, तर..."

"बाबा," मुलगा म्हणाला, "पेपर एप्रिलमध्ये होता."

आईला हसू आवरेना. मग आम्ही कॉलेजांची यादी काढली.