कॅम्पस बघून आलो पण आतून काही वाटलंच नाही

"मॅडम, कॅम्पस बघून आलो पण आतून काही वाटलंच नाही, म्हणजे ते माझ्यासाठी नाहीये का?" ॲडमिशनच्या सीझनमध्ये हा प्रश्न ठरलेला. याचं उलटं टोकही असतं, "गेटातून आत शिरलो आणि कळलं, बस हेच!" आणि खरं सांगू का, मला या दुसऱ्या वाक्याची जास्त धास्ती वाटते, कारण पहिल्यावाला निदान विचारायला तरी येतो.

एका मुलाची केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. त्याला भूगर्भशास्त्र करायचं होतं आणि दोन युनिव्हर्सिट्या बघून झाल्या होत्या. पहिली जाम आवडलेली, मस्त ऊन, हिरवळ, काचेची लायब्ररी आणि फिरवायला एक बडबडी सिनियर. दुसरीकडे पोचला तर पाऊस, त्यात सुट्टी चालू, सगळीकडे शुकशुकाट, ऑफिसमध्ये कोणी धड बोललं नाही आणि हा बिल्डिंग शोधत भिजत फिरला. विषयाचा डिपार्टमेंट मात्र दुसरीकडचा जास्त चांगला, हे त्यालाही माहीत होतं. बाबांचं म्हणणं, तुला आवडलंय ना मग झालं. आईचं म्हणणं, आवडण्यावर कुठे चार वर्षं काढतात. आणि हा मधे अडकलेला.

फोनमध्ये फोटोच फोटो होते. मी म्हटलं दाखव, आणि एकेका फोटोला विचारत गेले की इथे तू काय करणारेस? ऑडिटोरियम, वर्षातून दोनदा. कारंजं, काहीच नाही. स्विमिंग पूल, याला पोहताच येत नाही! वर्गाचा एकही फोटो नाही, लॅबचा नाही, आणि टूरवाल्या सिनियरशिवाय कोणाशी बोलणं नाही. आता ती सिनियर काही खोटं बोलत नसते हं, पण तिला ठरलेला रस्ता दिलेला असतो आणि हॉस्टेलची जी खोली दाखवतात ती दाखवायची म्हणूनच नीट ठेवलेली असते.

मग दुसऱ्या ठिकाणचं विचारलं. "काही नाही मॅडम, भिजलो नुसता." खोदून विचारल्यावर निघालं की एका मुलाने याला रस्ता दाखवता दाखवता थेट लॅबमध्ये नेलं, खडकांचे नमुने दाखवले, पहिल्या वर्षी गणितात किती जण गडबडतात तेही सांगितलं. म्हणजे खरी माहिती मिळाली ती इथेच, आणि हा सांगतोय "काही नाही"!

हवामानावरून एक भारी अभ्यास आठवतो. उरी सिमनसोन नावाच्या संशोधकाने २०१० मध्ये एक पेपर लिहिला, १२८४ होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांवर. युनिव्हर्सिटी अभ्यासासाठी नावाजलेली, मौजमजेसाठी नाही. तर ज्यांनी ती ढगाळ दिवशी पाहिली त्यांनी तिथे प्रवेश घेण्याचं प्रमाण जास्त निघालं. बहुतेक आभाळ भरून आलं की अभ्यास बरा वाटत असावा. आमच्या हिरोचं नेमकं उलटं झालं, पण मुद्दा तोच की आकाश कसं होतं हे आपल्या निर्णयात गुपचूप शिरतं आणि आपण त्याला आतला आवाज म्हणतो.

दुसरा हार्वर्डमधला, २००३ चा. तिथे पहिलं वर्ष झाल्यावर कुठल्या हाउसमध्ये, म्हणजे कॅम्पसवरच्या हॉस्टेलमध्ये, राहायचं हे चक्क लॉटरीने ठरायचं. मुलांना वाटायचं चांगलं हाउस लागलं तर आपण खूश, वाईट लागलं तर वाट लागली. प्रत्यक्षात नंतर विचारलं तर दोन्हीकडच्यांच्या खुशीत फारसा फरक नव्हता. अंदाज बांधताना त्यांनी जागा, इमारत यांनाच जास्त वजन दिलं होतं आणि सोबत कोण राहणार, लोक कसे असतील हे जवळजवळ धरलंच नव्हतं.

म्हणून माझा आग्रह असतो की कॅम्पस बघायला जायचं तर टर्म चालू असताना, साध्या वर्किंग डेला जा. आधी डिपार्टमेंटला मेल करून पहिल्या वर्षाच्या एखाद्या लेक्चरला मागे बसू देतील का विचारा, बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात. टूर संपल्यावर तासभर एकटे फिरा, आईबाबांना तेवढा वेळ फी आणि हॉस्टेलच्या चौकशीला पाठवा, ते तिथे चांगलेच कामाला येतात. आणि तिथल्या मुलांना "कॉलेज कसं आहे?" विचारू नका, उत्तर "मस्त" येतं आणि विषय संपतो. त्यापेक्षा "मागचा रविवार कसा गेला?", "एखादा टॉपिक डोक्यावरून गेला तर कोणाकडे जातोस?", "परीक्षेच्या दिवसांत लायब्ररीत जागा मिळते का?" असं विचारा. हॉस्टेल सगळ्या वर्षांना मिळतं की फक्त पहिल्या, हे ऑफिसमधून लेखी घ्या. संध्याकाळनंतर हॉस्टेलपासून डिपार्टमेंटपर्यंत चालत जाऊन बघा. आणि तिथे असुरक्षित वाटलं, कोणी विचित्र वागलं, तर ती भावना मात्र हवामानावर ढकलायची नाही, ती सिरियसली घ्यायची.

जाणं शक्यच नसेल तरी अडत नाही, त्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षातल्या दोघांशी फोनवर बोला. टूरच्या व्हिडिओपेक्षा ते बरं, तो व्हिडिओ उन्हातच काढलेला असतो.

तर हा मुलगा परत गेला, पण पहिल्या युनिव्हर्सिटीत, साध्या मंगळवारी, आणि एका लेक्चरला बसला. दुसरीकडच्या त्या लॅबवाल्या मुलाचा नंबर याने घेतलेला होता, त्याच्याशी फोनवर भरपूर बोलला. शेवटी घेतली पहिलीच! आई म्हणाल्या, मग एवढा खटाटोप कशाला? पण आता त्याचं कारण वेगळं होतं. तिथे पहिल्या वर्षापासून फील्डवर नेतात, दुसरीकडे ते तिसऱ्या वर्षी सुरू होतं, आणि लॅब थोडी कमी चालेल पण फील्ड हवंच हे त्याने स्वतः ठरवलं होतं. डिपार्टमेंट दुसरीकडचा भारी हे तो अजूनही मानतो. आणि पूल? तो म्हणे मेंटेनन्ससाठी बंद होता, याच्या लक्षातही आलं नाही, आईंनी सांगितलं.