फ्रीलान्सिंग सुरू करताय? आधी दम सांभाळा

वेळापत्रकाचं नंतर बघू. आधी आठवडाभर एवढंच टिपून ठेवा: डोकं कधी तरतरीत असतं, कधी जड. तरतरीत वेळ फक्त नव्या कामाला द्या. कोरं पान, पहिलं स्केच. बिलं, ईमेल, फाइलींची नावं बदलणं दुपारच्या सुस्तीतही उरकतं. नवखे नेमकं उलटं करतात: उठल्या उठल्या इनबॉक्स, मग क्लायंटच्या 'छोट्याशा बदला'त अख्खा दिवस.

- सरसकट हो म्हणू नका. चणचण असताना अवघड जातं, मान्य. निदान मुदत तरी दोन दिवस जास्तीची मागा.
- रात्री उशिरा कॉफी नको. साधारण 5 तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतं.
- काम संपवून उठताना उद्याची पहिली पायरी लिहून ठेवा.

दर कसे ठरवायचे, ते पहिली दोन-तीन कामं झाली की विचारा.