भंगारातला जड डबा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं भंगाराचं दुकान आहे. बंद कारखान्याच्या मालात एक लहान पण भलताच जड डबा आलाय, वर तीन पाकळ्यांची खूण आहे. शिसं निघेल म्हणून कामगार फोडायच्या मागे आहे. फोडावा का?

उत्तर : नाही, कृपा करून फोडू नका. ती खूण किरणोत्सर्गाची आहे. शिसं असेलही, पण ते आतला किरणोत्सर्गी सोर्स, म्हणजे किरण सोडणाऱ्या पदार्थाचा लहानसा तुकडा, झाकायला घातलेलं असतं. डबा शाबूत आहे तोवर तोच तुम्हाला वाचवतोय. त्याला हात न लावता माणसं लांब न्या, दोरी बांधून जागा अडवा आणि 112 ला फोन करा. अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवायलाच हवं, असं पोलिसांना आवर्जून सांगा. एक मीटरवरून दहा मीटरवर गेलात की किरणांचा मारा शंभर पटीने घटतो. ‘पोलीस मलाच धरतील’ या धास्तीने डबा रात्री नाल्यात टाकू नका. तो पुढे कुणाच्या तरी पोराच्या हाती लागेल.

डबा फोडला की काय होतं, ते दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात 2010 मध्ये दिसलं. दिल्ली विद्यापीठात 1985 पासून वापराविना पडलेलं गॅमा किरणांचं उपकरण लिलावात भंगारवाल्यांकडे गेलं, त्यांनी ते उघडलं आणि आतला किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 बाजारात पांगला. एक कामगार दगावला, बाकीच्यांना गंभीर इजा झाल्या. त्यातल्या कुणालाही आपण काय हाताळतोय याची कल्पना नव्हती. चूक उपकरण विकणाऱ्यांची होती, हे मी ठामपणे म्हणतो.

प्रश्न : ऑफ-सीझनला आमच्या साखर कारखान्यात बॉयलरच्या जोडांची रेडिओग्राफी (किरणांनी जोडाचा फोटो काढून तपासणी) रात्री चालते. सोर्स नळीतच अडकला तर कळणार कसं?

उत्तर : फक्त किरण मोजणाऱ्या मीटरवर. सोर्समधल्या इरिडियम-192 चा किरण ना दिसतो, ना त्याचा वास येतो. बऱ्याच वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात पहाटे दोनला सोर्स केबलने परत डब्यात ओढणारं हँडल पूर्ण मागे फिरवलं, तरी मीटरचा काटा खाली येईना. सोर्स केबलपासून सुटून नळीत राहिला होता. आधीचे दोन शॉट (फोटो) रेडिओग्राफी करणाऱ्या मुलांनी मीटरविनाच घेतले होते, सेल संपले म्हणून! नळीवर शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्या टाकल्या, तेव्हा कुठे काटा उतरला. मग लांब चिमट्याने, आळीपाळीने, मोजून काही सेकंदच जवळ जात सोर्स शिशाच्या भांड्यात घेतला. हे काम प्रशिक्षित माणसाचंच. तुम्ही फक्त दोरीच्या बाहेर राहा, आणि मीटर चालू आहे ना हे बेधडक विचारा.

प्रश्न : एवढीशी वस्तू रस्त्यात पडली तर सापडते?

उत्तर : सापडते. जानेवारी 2023 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात किरणोत्सर्गी सिझियम-137 ची 8 मिलिमीटर लांबीची कॅप्सूल ट्रकमधून पडली. वाट 1400 किलोमीटरची. ताशी 70 किलोमीटरने धावणाऱ्या गाडीवरच्या किरण टिपणाऱ्या यंत्राने ती रस्त्याकडेला हेरली.

प्रश्न : नवरा अशा डब्याजवळ थांबला होता. घरात बाळ आहे.

उत्तर : सोर्स बंदिस्त असेल तर बाळाला धोका नाही. किरण लागलेला माणूस स्वतः किरण सोडत नाही. डबा फुटून भुकटी अंगाला लागली असेल तर मात्र कपडे उतरवून पिशवीत बांधा, अंग साबणाने धुवा. उलट्या सुरू झाल्या किंवा काही दिवसांनी हात भाजल्यासारखे लाल झाले, तर डॉक्टरांना डब्याचं आधी सांगा. नाहीतर ते साधं भाजणं समजून मलम लावून पाठवतील.