बेडूक जिवंत आहेत म्हणून पाणी चांगलं?

प्रश्न : सांगोल्याजवळ आमची दीड एकर डाळिंबाची बाग आहे. फवारणी झाली की पंप ओढ्यातल्या डबक्यावर धुतो. पावसाळ्यात तिथं बेडूक भरपूर असतात, मेलेला एकही दिसत नाही. मग पाणी चांगलं आहे असं धरायचं का?
– एक बागायतदार, सोलापूर जिल्हा

उत्तर : दादा, तसं धरू नका. लगेच मारणारं विष वेगळं आणि अंगात साठत जाणारं वेगळं. दुसऱ्या विषानं बेडूक मरून पडत नाही. तो उड्या मारत राहतो आणि ते साठवतही राहतो.

मी सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवत होते तेव्हा बेडकाचं विच्छेदन असायचं. पोट उघडलं की मूत्रपिंडांपाशी बोटांसारखे पिवळेधमक पुंजके दिसायचे. ती त्याची चरबीची शिदोरी. पाऊस सरताना आणलेल्या बेडकात पुंजके भरगच्च असायचे, पावसाच्या तोंडी आणलेल्यात नुसते दोरे. मुलांना मी ते मुद्दाम दाखवायचे. आपल्याकडचा पाऊस कसा येतो ते तुम्हाला सांगायला नको. कोरडे महिने कितीतरी बेडूक मातीत पुरून घेऊन त्या शिदोरीवरच काढतात.

डीडीटीसारखी जुनी कीटकनाशकं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. बेडकाचं शरीर ती फोडून बाहेर टाकण्यात फार मंद, म्हणून ती या शिदोरीत जाऊन बसतात. तिथं असेपर्यंत त्रास कमी. पण जमिनीखाली उपाशी असताना चरबी जळते आणि विष पुन्हा रक्तात उतरतं, तेही अंगात त्राण सगळ्यात कमी असताना. मादीच्या चरबीतलं विष अंड्यांच्या बलकातही जातं. म्हणजे पिल्लू पाण्यात पडायच्या आधीच त्याच्या वाट्याला ते आलेलं असतं. या सगळ्यात माझ्या मनाला सर्वांत जास्त हेच लागतं. शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्ये बंद झालं, एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं. पण डीडीटी मातीत आणि गाळात वर्षानुवर्षं टिकतं.

तुमच्या पंपात ही औषधं नसणार. आजची बरीच कीटकनाशकं तुलनेनं लवकर विघटतात. पण डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड मारत असाल ना? त्या दोन्हींत तांबं असतं. तांबं हे मूलद्रव्य, ते विघटून जाणार कुठं? ते तळाच्या गाळात बसतं. शेपटीवाली पिल्लं दिवसभर तोच गाळ आणि शेवाळ खरवडून खातात, आणि तांबं त्यांच्या अंगात चढत जातं. वरचं पाणी तपासलं तर कदाचित स्वच्छ निघेल; पिल्लाचं पोट मात्र गाळानं भरलेलं असतं.

मोठ्या बेडकाचं आणखी एक. तो तोंडानं पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या खालच्या पातळ कातडीनं शोषतो. ओल्या मातीवर नुसता बसला तरी तिच्यातलं काहीबाही आत जातं. फवारा बसलेला किडा खाल्ला की त्यातलंही. पुढं तो बेडूक दिवड गिळते, ढोकरी उचलते.

मेलेला दिसत नाही म्हणता, पण मेलेलं पिल्लू पाण्यात फार टिकत नाही. कुजतं, नाहीतर कुणीतरी खातं. म्हणून मेलेले मोजू नका. मृगाच्या पावसानंतर डबक्यात अंड्यांचे चिकट पुंजके किती आहेत ते बघा. मग पुढचे दीड-दोन महिने अधूनमधून काठावर फेरी मारा आणि शेपूट गेलेले इवले बेडूक किती चढतात ते बघा. अंडी भरपूर आणि काठावर कुणीच नाही, असं झालं तर गाळ तपासून घ्या.

तोवर एक करा. पंप बागेतच तीनदा विसळा आणि ते पाणी फवारलेल्या झाडांवरच मारून टाका. डबक्यावर नेऊ नका. यंदा काठावर किती बेडूक चढले ते मला जरूर कळवा, मी वाट बघते.