काळ्या जास्वंदीला डीएपी नको, गावठी खुंट हवा

गडद जास्वंदीबद्दल या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांची उत्तरे एकत्र देतो आहे. निम्म्या प्रश्नांचे मूळ एकाच ठिकाणी आहे, म्हणून ते आधी सांगतो: दुकानातली कोणतीही पुडी किंवा बाटली जास्वंदीचे फूल काळे करत नाही. रंग जातीत असतो. थंडी आणि ऊन त्याला उठाव देतात. खत फक्त झाड जगवते, आणि जास्त झाले तर मारते.

गुहागरहून विचारले आहे की, डिसेंबरात आणलेल्या ‘काळ्या’ कलमाला पहिली फुले दाट मरून आली, एप्रिलमध्ये तीच विटकरी झाली, तर जात खोटी निघाली का? नाही, जात खरी आहे. पूर्ण काळी जास्वंद नसतेच. ‘ब्लॅक ड्रॅगन’सारख्या नावाने मिळणाऱ्या संकरित जाती म्हणजे फार गडद मरून. हा गडदपणा अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. थंड रात्रींत ते पाकळीत जास्त साठते, उकाड्यात कमी पडते. त्यातच गडद पाकळी ऊन जास्त शोषते, म्हणून वैशाखात तिच्या कडा करपतात. कुंडी घराच्या पूर्वेला ठेवा. सकाळचे चार-पाच तास ऊन मिळावे आणि दुपारी माडाची किंवा पोफळीची सावली यावी. पण पडवीत आत नेऊन ठेवू नका, तिथे नुसती पाने वाढतात. रंग फिका पडला म्हणून ‘कलर बूस्टर’ घ्यायला धावू नका. जानेवारीपर्यंत थांबा.

वेंगुर्ल्याचा प्रश्न नेहमीचाच. कोवळी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. दुकानदाराने आधी डीएपी हे रासायनिक खत दिले, फरक पडला नाही म्हणून ‘फुलांसाठी’ ०:५२:३४ (हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के) दिले, आता झाड थांबले आहे. थांबणारच. जास्वंदीला स्फुरद (फॉस्फरस) फार थोडा लागतो. डीएपीत ४६ टक्के स्फुरद, ०:५२:३४ मध्ये ५२ टक्के. कुंडीतल्या दोन मुठी मातीत तो साचत जातो आणि लोह व जस्त मुळांना उचलू देत नाही. आपल्या जांभ्या मातीत लोहाची कमी नाही, तरी झाड लोहासाठी उपाशी राहते ते यामुळे. दुकानदाराने दोन्ही वेळा तेच विष वेगळ्या पिशवीतून दिले. सगळे खत बंद करा. उघडीप पाहून कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी हळूहळू ओता आणि खालून निथळून जाऊ द्या. चिलेटेड लोह (ईडीटीए) अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यातून संध्याकाळी पानांवर फवारा, १५ दिवसांनी पुन्हा एकदा. नवी पाने हिरवी आली की बस. जुनी पिवळी पाने हिरवी करायच्या मागे लागू नका.

मग द्यायचे काय? दसऱ्यानंतर १२ इंची कुंडीला महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळ खत आणि दर १५ दिवसांनी १३:०:४५, एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, ओल्या मातीत. एक ग्रॅम. हे दोनदा लिहितो, कारण आंब्याचे बागायतदार मोहोराच्या वेळची लिटरला दहा ग्रॅमची फवारणी जास्वंदीवर करतात आणि पाने जळाल्यावर मला फोटो पाठवतात. आंब्याचे प्रमाण आंब्याला. चुलीची राखही वाडग्याने टाकू नका. तिच्यात पालाश आहे हे खरे, पण जास्त राखेने मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि पाने पुन्हा पिवळी पडतात. महिन्याला एक चमचा पुरे.

जून ते ऑगस्ट काहीही देऊ नका. चतुर्थीला फूल मिळावे म्हणून आषाढात खत घालणारे दर वर्षी भेटतात. मुळे चिखलात गुदमरलेली असताना दिलेले खत मुळेच जाळते. गणपतीला आपली गावठी लाल जास्वंद भरभरून फुलते, तिची फुले वाहा. संकरित झाडाकडून श्रावणात फुलांची अपेक्षा ठेवू नका.

मालवणहून कळ्या गळतात अशी तक्रार आहे. दुकानातून आणलेले संजीवक (झाडाच्या वाढीचे औषध) दोनदा फवारून झाले. फवारणीआधी गळलेली एक कळी ब्लेडने उभी चिरून पाहायची होती. आत बारीक फिकट अळ्या दिसल्या तर ती कळीमाशी. रोज पडलेल्या कळ्या वेचून पिशवीत बंद करून टाका, कारण अळी तिथेच मातीत कोष करते. अळी नसेल आणि पाकळ्यांवर ओरखडे असतील तर फुलकिडे. निंबोळी अर्क (१५०० पीपीएम) पाच मिली प्रति लिटर, सूर्य कलल्यावर, आठवड्याच्या अंतराने तीनदा. दोन्ही नसेल तर पाण्याकडे पाहा: एक दिवस कोरडे, दुसऱ्या दिवशी तुडुंब, असे झाले की कळी गळते. आणि तुमच्या पत्रात विहीर किनाऱ्याजवळ असल्याचे लिहिले आहे. मार्चनंतर ते पाणी मचूळ होत असेल तर पानांच्या कडाही तपकिरी पडलेल्या असतील. पावसाचे पाणी पिंपात साठवून तेच कुंड्यांना द्या. संजीवकाने यातले काहीच बरे होत नाही.

पिठ्या ढेकणासाठी जहाल कीटकनाशक देणाऱ्या दुकानदाराला सरळ नाही म्हणा. या फुलावर मधमाशी येते, शिंजीर येतो, घरातली मुले देठ चोखतात. आधी पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुवा, मुंग्यांची रांग तोडा, मग दमट संध्याकाळी व्हर्टिसिलियम लेकॅनी पाच ग्रॅम प्रति लिटर फवारा. कोकणच्या दमट हवेत ही बुरशी चांगली काम करते. तिच्या आगेमागे आठवडाभर बुरशीनाशक फवारू नका.

आता देवगडचा प्रश्न, आणि यासाठीच हा सल्ला लिहायला घेतला: ‘तीन वर्षे तीन झाडे आणली, तिन्ही पावसात मेली.’ गडद संकरित जातींची मुळे बहुधा नाजूक असतात. आपल्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यात पागोळीखाली ठेवलेली कुंडी, मग मूळकूज ठरलेलीच. शिवाय कुंडीतली पुष्कळ झाडे वाढरोधक देऊन बुटकी आणि फुललेली विकली जातात. त्याचा असर ओसरला की झाड उंच सुटते, फुले कमी होतात आणि लोक पुन्हा दुकानात जातात. जाऊ नका. गावठी खुंटावर, म्हणजे गावठी जास्वंदीच्या मुळासकट रोपावर, कलम बांधा.

मिरगाच्या पावसात गावठी एकेरी लाल जास्वंदीच्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या पिशव्यांत लावा. त्या कातळावरच्या मातीतही धरतात. दसऱ्याच्या सुमारास खुंट वीतभर उंचीवर कापा, खाली दोन पाने ठेवा. गडद जातीची चार-पाच इंचांची, खुंटाच्याच जाडीची काडी घ्या, पाने देठ ठेवून कापा, खालच्या टोकाला इंचभर पाचर करा आणि खुंटाला वरून उभी चीर देऊन तिच्यात साल सालीला भिडवून बसवा. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूची साल जुळलीच पाहिजे. काजूची मृदुकाष्ठ कलमे ज्यांनी बांधली आहेत त्यांना हे हातचे काम. प्लास्टिक पट्टीने आवळा, वरून अरुंद पिशवी टोपीसारखी घाला, सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात. टोपी संध्याकाळी काढा, भर दुपारी काढलीत तर कोंब माना टाकतो. खुंटावर जोडाखाली येणारा प्रत्येक फुटवा खुडा. ‘काळ्या जास्वंदीला लाल फूल आले’ असे फोन येतात तेव्हा खुंट वाढून कलम दबलेले असते.

कुंडीत एक भाग तांबडी माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा किंवा काथ्याचा भुसा, एक भाग जांभ्याची खडी. भुसा तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. समुद्राची वाळू मुळीच नको. पावसाळ्यात कुंडी दोन चिऱ्यांवर ठेवा आणि खालची बशी काढून टाका.

छाटणी पावसात करू नका, जखमेतून फांदी खाली वाळत येते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात एक तृतीयांश फांद्या छाटा, कापावर बोर्डोपेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. फूल नव्या फुटीवर येते आणि त्याला दोन-अडीच महिने लागतात, म्हणजे नेमके थंडीत, गडद रंगाच्या दिवसांत फुलोरा मिळतो.

अलिबागच्या ताईंनी ऑनलाइन मागवलेल्या ‘काळ्या-निळ्या जास्वंदीच्या बिया’ पेरू का विचारले आहे. पेरू नका, पैसे गेले. संकरित जास्वंद बियांपासून आईसारखी येत नाही, आणि अशा पुड्यांतून पुष्कळदा अंबाडी निघते.

अनुदान: घरच्या कुंड्यांना नाही. शेतात शेडनेट करून फुलशेती करायची असेल तर शेतकरी ओळख क्रमांक (फार्मर आयडी) घेऊन महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा, मान्य खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत मदत मिळते. पूर्वसंमती मिळण्याआधी सांगाडा उभारू नका. बाकी तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.

देवगडच्या बागायतदारांनी चौथे झाड विकत आणू नये. शेजाऱ्याकडून गडद जातीच्या चार काड्या मागून घ्याव्यात, आणि कुंपणाची गावठी जास्वंद तोडली नसेल तर खुंट तिथेच आहेत.